म्हशीनं चाटलेला ट्रेलर

तुमच्या बाबांनी नाव घेतली, ती ओढून न्यायला ट्रेलरही घेतला आणि दर रविवारी तुम्ही समुद्रावर जाता, हे फोनवर कळलं. तेव्हापासून लिहायचं मनात होतं. परभणीच्या आजीला समुद्राच्या मिठाचं काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. पण ते मीठ एकदा आपल्या अंगणापर्यंत आलं होतं.

जिंतूरकडचं आपलं निम्मं शेत धरणाच्या फुगवट्यापलीकडं आहे. पाणी भरलं की तिकडं जायला रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो. म्हणून आजोबांनी कोकणातल्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी फायबरची नाव आणली, सोबत तिचा दोन चाकी ट्रेलर. नाव काठावर ठेवून यायची सोय नव्हती. रोज ट्रॅक्टरनं न्यायची, रोज घरी आणायची, असं ठरलं. काठाचा उतार तीव्र, दगडगोट्यांचा. ट्रॅक्टर मागं घेत घेत ट्रेलर पाण्यात उतरवायचा, आणि खाली नावेच्या मागं उभं राहून कोणीतरी दिशा सांगायची. हे काम तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, आपणहून घेतलं.

आजोबांनी ट्रेलर पाण्याची नळी लावून बाहेरून धुतला आणि त्याला स्वतःच्या हातानं निळा रंग दिला. नाव सोडायच्या दिवशी हार घातला, कुंकू लावलं, नारळ काढून ठेवला. शेजारीपाजारी जमले. तेवढ्यात माझी जाऊ ओरडतच आली.

"अक्का, म्हैस त्या ट्रेलरला सोडंना! कालपासून एकच जागा चाटायलीय. रंगात गूळ कालवला का भावजींनी?"

सगळे हसले. मी बघायला गेले. चाकांमधला आडवा पाइप मधल्या लांब पाइपला जिथं जोडला होता, तिथं रंगाखालून तांबूस ओघळ आला होता. वाळून त्याच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. मी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट.

मिठाच्या खड्यासाठी मान लांब करणाऱ्या म्हशीला ते आधी कळलं, एवढंच. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे पुढचं समजायला मला वेळ लागला नाही. पाइप पोकळ होता. समुद्रात बुडला की खारं पाणी आत शिरायचं, पाणी वाळायचं आणि मीठ आतच राहायचं. आपण बाहेरून धुतलं, त्यानं आतल्या मिठाला नुसती ओल मिळाली. लोखंड आतून खाल्लं जात होतं आणि वर नवा रंग चकाकत होता.

"आज नाव सोडायची नाही," मी म्हणाले.

"अगं, लोक जमलेत," आजोबा हळूच म्हणाले.

दिरांचा आवाज मात्र मोठा. "वहिनी, तुमी इंग्रजी शिकल्या हे माहीत होतं, म्हशीची भाषा बी येती म्हणा की! लोखंड हाय ते, खडीसाखर न्हाई विरघळायला."

"उतारावर नावेच्या मागं कोण उभं राहणार?"

"मीच की."

"मग मला बत्ता आणून द्या."

जावेनं खलातला लोखंडी बत्ता आणून दिला. मी चाकाकडून ठोकत आले. ठण, ठण, ठण. जोडापाशी आवाज बसका झाला. तिथं जरा जोर लावला आणि बत्त्याचं टोक निळ्या रंगासकट आत गेलं. गंजाचे पापुद्रे आणि ओलं मीठ दिरांच्या पायावर सांडलं.

आता कोणी हसलं नाही. जाऊ नवऱ्याकडं बघत राहिली, मग तिनं नारळ उचलला आणि घरात नेऊन ठेवला.

आजोबा दिवसभर रुसले. पण संध्याकाळी वेल्डरला फोन त्यांनीच केला. सडलेला भाग कापून टाकला, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जोडला. उरलेला सांगाडा आतून धुवायला मी बोअरचं पाणी वापरू दिलं नाही. आपल्या बोअरचं पाणी इतकं खारं की त्यानं चहासुद्धा नासतो. धरणाचं पाणी पिंपांत भरून आणलं आणि बाहेर पडणारं पाणी चवीला गोड लागेपर्यंत ओतत राहिलो. पाणी साचू नये म्हणून खालच्या बाजूला भोकं पाडली, सगळं उन्हात वाळवलं आणि मग आतून तेल फिरवलं.

तुम्हीही समुद्रावरून आलात की गोड्या पाण्यानं आतून धुवा. आणि काठावर पोचल्यापोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. रस्त्यानं चाकांचे बेअरिंग तापलेले असतात, गरमागरम बुडाले की पाणी आत ओढून घेतात. आधी निवांत चहा प्या.

पुन्हा नाव नेली तेव्हा आम्ही चौघंच होतो. आजोबा ट्रॅक्टरवर, दीर खाली नावेच्या मागं. अर्ध्या उतारावर चाकाखालचा दगड सरकला, ट्रेलर धाडकन आदळला आणि नावेचा सगळा भार त्या नव्या जोडावर आला. जावेनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

जोड टिकला. दिरांनी वाकून त्याच्याखाली हात फिरवला, मग हात वर केला. येऊ द्या. थोड्याच वेळात नाव ट्रेलरवरून अलगद उचलली गेली आणि तरंगायला लागली.

जाऊ दंड सोडेना. "अक्का, यांना बाहेर या म्हणावं. कशाला पाण्यात उभे राहायलेत?"

दीर कमरेइतक्या पाण्यात दोर धरून उभे होते. "आधी वहिनी बसतील," ते म्हणाले, "मग मी बाहेर येतो."

मी पदर खोचला आणि चढले.