शैलाताई आणि हमरापूरचे डोळे

शैलाताई गेल्या. हे ज्याला फोन करून सांगावं असं माझ्याकडे कुणी नाही.

आम्हा दोघींना ओळखणारं माणूसच उरलेलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

नव्वदचं दशक होतं. मी स्टॅटिस्टिक्स आणि कॉम्प्युटर शिकून पेणला एका आरोग्य प्रकल्पात लागले होते. काम सोपं होतं. गावोगावी फिरणाऱ्या आरोग्य शिक्षिकांनी जे केलं, ते वैद्यकीय परिषदांना पाठवण्याजोगं करायचं. पेपर, पोस्टर, आधी त्याचा गोषवारा.

बाकीच्या शिक्षिका मला घाबरत. माझी चूक नव्हती, माझा चेहराच तसा आहे.

शैलाताई रोह्याहून एसटीने येत आणि थेट माझ्या शेजारी स्टूल ओढून बसत.

"काय गो, जेवलीस?"

"ताई, अडीचशे शब्दांची मर्यादा आहे. तुमचे सहाशे झालेत."

"मग कर बारीक. तू काय, जेवतेस पण बारीकच."

मी 'अत्यंत तळमळीने' खोडलं.

"ते कशाला काढलंस?"

"तळमळ मोजलीत कुठे?"

"तुला दिसत नाय?"

"दिसते. टेबलमध्ये बसत नाही."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या खोलीतून डॉक्टर डोकावले. डॉक्टर म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख.

ताईंचं माहेर हमरापूरचं, गणपतीच्या कारखान्यातलं. तिथल्या बायका रंगवताना ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरतात. रंग रोज थोडा पोटात जातो. ताईंनी प्रत्येकीच्या शेजारी ओल्या स्पंजची वाटी ठेवली. ब्रश तोंडात नाही, स्पंजावर.

सीझनच्या सुरुवातीला पाहिलं, तर जवळजवळ सगळ्या जणी स्पंज वापरत होत्या. तेवढ्यावर आम्ही गोषवारा पाठवला. खाली मी लिहिलं, अंतिम निष्कर्ष परिषदेत मांडले जातील.

पोस्टर स्वीकारलं गेलं. पुण्याला.

ताईंनी अख्ख्या रोह्याला सांगितलं. वीस वर्षं त्या लोकांना हात धुवा, पाणी उकळा सांगत फिरल्या होत्या. त्याचा उपयोग झाला का, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. आता विचारणार होते. त्यांचं नाव पहिलं होतं.

गणपती जवळ आल्यावर आम्ही शेवटच्या मोजणीला गेलो.

वाट्या जागेवर होत्या. स्पंज कोरडे होते.

सोवळं आणि दागिने आधी रंगतात, डोळे सगळ्यात शेवटी. आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा डोळ्यांचं काम सुरूच झालं नव्हतं. आता डोळे चालू होते, आणि प्रत्येकीचा ब्रश ओठांत होता.

हे ताईंना माहीत असायला हवं होतं. मी तसं म्हटलंही.

"मला डोळे कधी दिलेच नायत गो," त्या म्हणाल्या. "बाबांच्या कारखान्यात पोरींनी सोवळं रंगवायचं. डोळे पुरुषांनी."

आता त्याच कारखान्यात त्यांच्या वहिनी डोळे काढत होत्या. वहिनींनी ब्रश ओठांतून काढला.

"वन्सं, स्पंजाला काय कळतं टोक आलं का नाय? ओठाला कळतं. डोळा बिघडला तर मूर्ती गेली. तुमच्या पुण्याचे साहेब येनार हायत काय ती घ्यायला?"

सगळा कारखाना हसला. ताई पण हसल्या.

डॉक्टरांनी आकडे पाहिले. "शैलाताई, पहिलीच मोजणी दाखवा. महिलांमध्ये जागृती झाली म्हणा. हमरापूरला बघायला कोण जातंय?"

ते गेल्यावर मी दोन्ही टेबलं स्क्रीनवर ठेवली. ठरवायचं ताईंनी होतं. नाव त्यांचं होतं.

ताईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"दोनी छाप," त्या म्हणाल्या. "वहिनी रंग खातेय अजून. जागृती कसली?"

मी छापलं.

पुण्यात आमची जागा व्हरांड्याच्या टोकाला होती. ए-फोर कागद कार्डशीटवर चिकटवून आणले होते. शेजारची पोस्टरं रंगीत होती आणि सगळी यशस्वी होती.

ताई खळीची साडी नेसून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसा. बसल्या नाहीत.

लोक येत होते. आमचं शीर्षक वाचत, दुसऱ्या मोजणीच्या टेबलापर्यंत पोचत, आणि पुढे जात. एक गृहस्थ थांबले. ताई पुढे सरसावल्या. गृहस्थांनी विचारलं, चहा कुठे आहे?

ताईंनी नीट रस्ता सांगितला.

संध्याकाळी मी पिना काढायला लागले. ताई पोस्टरकडे बघत होत्या.

"कुनी इचारलंच नाय गो, का नाय जमलं ते."

मी काढलेल्या पिना परत लावल्या. चार पावलं मागे गेले. पहिल्यांदाच बघतेय अशी पोस्टरसमोर उभी राहिले.

"मॅडम," मी म्हटलं, "हे का नाही जमलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर खांद्यावर नीट केला, हात पाठीमागे बांधले आणि सांगायला सुरुवात केली. पुस्तकी मराठीत, एकही 'नाय' न येऊ देता. पहिली मोजणी कधी केली, ती कुठे चुकली. डोळ्यांचं काम काय असतं. ओठाला जे कळतं ते दुसऱ्या कशाने कळेल, हे शोधल्याशिवाय त्या बायकांना पुन्हा काही शिकवायला आपण जाणार नाही.

मी मध्ये प्रश्न विचारले. कठीण विचारले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली.

शिपाई दिवे बंद करत आमच्यापर्यंत आला.

"मॅडम, आवरा आता."

"थांबा जरा," ताई म्हणाल्या. "यांचा अजून एक प्रश्न आहे."

नव्हता. पण मी विचारला.

शैलाताई, नमस्कार.