सीता-अशोक आणि बुलबुल

मला बुलबुल आवडत नाही. शेपटीखालचं लाल बूड मिरवणारा, पैशाला पासरी मिळणारा पक्षी. कात्रजच्या आमच्या सोसायटीत तो तारेवर, नळावर, कोणाच्याही बाल्कनीत गात बसतो आणि लोक हातातली कामं टाकून त्याचे फोटो काढतात.

त्याच आवारात माझ्या वडिलांनी लावलेला सीता-अशोक होता. जंगलातून संपत चाललेलं झाड. चैत्रात त्याच्या खोडालासुद्धा केशरी फुलांचे गुच्छ लगडायचे. त्याच्याकडे मात्र मान वर करून कोणी पाहिलं नाही. अध्यक्षांना तिथे दोन गाड्यांची जागा दिसत होती.

सभेत मी सांगितलं, हे झाड दुर्मीळ आहे. "ताई, अशोक आपल्याकडे कुंपणाला रांगेने उभे आहेत," अध्यक्ष म्हणाले. कुंपणाचा तो नुसता नावाचा अशोक, हे झाड वेगळं, असं मी तीनदा समजावलं.

"असेल वेगळं. पण गाडी याच्याच जागेवर मावते ना?"

लोक हसले. वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तोडणारी माणसं आली त्या सकाळी फांदीत बुलबुलाचं घरटं दिसलं. आत तीन पिल्लं. लगेच सगळी सोसायटी कळवळली. "पाप लागेल हो," म्हणत अध्यक्षांनीच करवत थांबवली. वडिलांच्या झाडाला अख्ख्या सभेत जी दया मिळाली नाही, ती त्या मूठभर पाखराला न मागता मिळाली.

आठवड्याभरात पिल्लं उडून गेली. मी कोणाला सांगितलं नाही. अध्यक्ष विचारायचे तेव्हा मी "आहेत अजून, लहान आहेत," असं बिनदिक्कत ठोकून द्यायचे. बारा दिवस खपलं. मग सोसायटीच्या ग्रुपवर पिल्लांचा फोटो टाकायचा म्हणून ते स्वतः शिडी घेऊन आले. घरटं रिकामं बघून खाली उतरले.

"ताई, तुमच्याकडून खोटेपणाची अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाड आडवं झालं.

आता तिथे त्यांची गाडी असते. यंदा बुलबुलाने त्यांच्या दाराशेजारच्या मनीप्लांटमध्ये घरटं केलंय. त्यांनी दारावर चिठ्ठी चिकटवली आहे, 'घरट्यात अंडी आहेत, कृपया बेल वाजवू नये.'

मी जाता-येता वाजवते.