‘कोणासाठी’ हा खाना नव्हता

भूपेशची जीभ लहानपणापासून तिखट. नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्यावर तर तिला धारच चढली. अड्याळच्या पुढचं त्याचं गाव, त्यातल्या ढिवर मोहल्ल्यात वेबसाइट बनवणारा तो पहिलाच. मच्छीमार संस्थेनं कौतुकानं त्यालाच काम सांगितलं. तलावात मोठं जाळं पडलं की घरटी मासोळीचा वाटा मिळतो, पण तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नावं पुकारताना दरवेळी भांडणं व्हायची. आता ज्यानं त्यानं आपला वाटा फोनवरून मागायचा, असं ठरलं.

फोनवर बोट दाबलं की मागणी सर्व्हरकडे जाते. ती एकटी जात नाही. कुठल्या पत्त्यावरून निघाली, कुठल्या ब्राउझरमधून आली, कोणतं पान मागते, आधी येऊन गेल्याची खूण तिच्याजवळ आहे का, हे सगळं ती पदरात बांधूनच येते. ती गाठ सोडून आतलं वाचायचं भूपेशला शिकवलेलं होतं. त्यानं एक नियम लिहिला: खूण एकाच फोनची आणि नावं वेगवेगळी, तर ती लबाडी. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात ते हेच, पण त्या वेळी भूपेशला आपल्या हुशारीचं भारी कौतुक वाटत होतं.

पहिल्याच खेपेला नियमात एक फोन सापडला. संस्थेच्या ओसरीवर सभा भरली तेव्हा भूपेशनं लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला.

“हा फोन कोनाचा आहे?”

“माहा,” रेवताबाई म्हणाली. म्हातारी, एकटी, तलावाच्या बाजूला राहणारी. “काहून गा?”

“लोकाइच्या नावानं वाटे मागून राहिली तू, मावशी. याले चोरी म्हनतात.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. मागून कोणीतरी हसलं. अध्यक्ष तुलारामजींनी मान वर केली, परत खाली घातली. कॉम्प्युटरनंच सांगितलं म्हटल्यावर मध्ये कोण पडणार? रेवताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती ओसरी उतरून गेली. तिनं मागितलेले वाटे रद्द झाले.

घरी भूपेशनं मोठ्या ऐटीत आईला हे सांगितलं. उषाबाई भात वाढत होती. तिचा हात थांबला.

“धनीरामले लकवा मारला, तो पाळीवर येते का? रिताची जचकी झाली, ते येते का? ज्याइले येता येत नाई त्याइचं नाव रेवताबाईच पुकारते. तुह्या जन्माच्या आधीपासून.”

तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

“तुहा बाप खाटेवर होता तवा आपलं नाव कोनं पुकारलं, मालूम आहे? हाताहाती देत नोती. घेनाऱ्याले लाज वाटू नाई म्हनून दाराच्या खुंटीले थैली टांगून निंगून जाये. ते मासोळी खाऊन मोठा झाला तू.”

खुंटीवरची ती थैली भूपेशला आठवत होती. ती संस्थेकडून येते, असं त्याला वाटायचं. त्यानं ताट बाजूला सारलं. मागणी कुठून आली, कशातून आली, सगळं त्यानं वाचलं होतं. कोणासाठी आली, याला फॉर्मवर खानाच नव्हता, आणि तोंडानं विचारता आलं असतं, ते त्यानं विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यानं नियम काढून टाकला आणि रेवताबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मान वर होत नव्हती.

“मावशी, चुकलो. आता माग तू, कोनी अडवत नाई.”

“राग नाई बाप्पा,” ती म्हणाली. “पन आता मले मागाले लाज वाटते.”

पुढच्या जाळ्याची वेळ आली. रेवताबाईच्या फोनवरून एकही मागणी आली नाही, तिच्या स्वतःच्या वाट्याचीसुद्धा नाही. भूपेश दर थोड्या वेळानं बघायचा आणि परत लॅपटॉप मिटायचा. शेवटी जाळं पडलं त्या सकाळी तोच पाळीवर जाऊन उभा राहिला आणि नावं पुकारू लागला. धनीराम. रिता. लोक बघत होते आणि त्याचे कान तापले होते. सगळ्यांत शेवटी त्यानं रेवताबाईचं नाव पुकारलं.  तुलारामजींनी थैली भरून त्याच्या हातात दिली.

तिच्या दाराच्या खुंटीला थैली टांगून, हाक न मारता भूपेश परतला.

दुसऱ्या दिवशी ती थैली स्वच्छ धुतलेली, रिकामी, भूपेशच्या दाराला लटकलेली होती. त्याचा जीव हलका झाला.

“आई, राग गेला तिचा. थैली पाठवली.”

उषाबाईनं थैली काढून घेतली, घडी घातली.

“मीबी अशीच धुवून ठेवून येत होती तिच्या दाराले,” ती म्हणाली. “मंग कितीक दिवस तिच्या समोरून जात नोती. दुसऱ्या गल्लीनं पान्याले जावो.”

भूपेश दारातच उभा राहिला. समोरून रेवताबाई घागर घेऊन येत होती. तिनं त्याला पाहिलं, आणि दुसऱ्या गल्लीत वळली.