मामाचा डावा मोजा

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी मामाला कबूल केलं होतं. पण एक किस्सा पोटात ठेवला की त्याच्या सोबतीला दुसरा येतो, आणि आता जागाच उरलेली नाही! बोलायची मला लाज वाटते, म्हणून लिहिते.

माझा अविमामा स्पेशल फोर्सेसमध्ये कमांडो आहे. आमच्याकडे राहणाऱ्या आजीला मात्र त्याने सांगितलंय, "मी स्टोअर सांभाळतो." कारण सैन्यात पाठवताना आजीची एकच अट होती: अंगाला काही झालं, की नोकरी सोडून घरी यायचं.

*

त्याला शौर्यपदक मिळालं तेव्हा आजीने विचारलं, "कशाबद्दल रे?"

"स्टोअर नीट ठेवलं म्हणून."

आजीने पदक शोकेसमध्ये ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "बघ! मामाला आवराआवरीचं मेडल मिळालं. आणि तुझं कपाट?"

*

गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो. मामा भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला. त्या कोपऱ्यात पंखा नव्हता. आम्ही सगळे घामाघूम!

बाबा म्हणाले, "अविनाश, मिसळ खायचीय, चढाई नाही करायची!"

"दाजी, रस्सा बघा. तयारीत असलेलं बरं."

*

पंचवटीत भाजी घेताना शेजारी रिक्षाचा टायर फुटला. क्षणात मी आणि मामा हातगाडीमागे आडवे! त्याचा हात माझ्या डोक्यावर.

भाजीवाल्या मावशी वाकून म्हणाल्या, "दादा, मेथी वरती हे. खाली काय शोधतो?"

मामाने मुकाट्याने सहा जुड्या घेतल्या. घरी तीन दिवस मेथी.

*

मामा घरात कधीच मोजे काढत नाही. "फरशी गार लागते," म्हणतो. या सुट्टीत मी दार न वाजवता त्याच्या खोलीत गेले. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

"बर्फात गेली," तो म्हणाला. "मने, आजीला कळलं तर संपलं. सोमवारी मला परत जायचंय."

"नाही सांगणार," मी कबूल केलं.

आज सोमवार. सकाळी आजीने त्याच्यासाठी विणलेले लोकरीचे मोजे माझ्या हातात दिले. "बॅगेत ठेव. आणि सांग त्याला, डावा डाव्याच पायात घालायचा."

मोज्यांना कसला आलाय डावा-उजवा? मी दोन्ही एकावर एक ठेवून पाहिले. डावा पुढून दोन बोटं अरुंद होता.

आजी शोकेसमधलं पदक पदराने पुसत होती. मी हळूच विचारलं, "आजी, तुला कधी कळलं?" तर ती वर न बघता... थांबा, बाहेरून आजीच हाक मारतेय:

"मने! रिक्षा आली गं मामाची! मोजे ठेवलेस ना?"