रस्त्याकडची खोली आणि दोन काचांची गाडी

गल्लीत तिच्या नवऱ्याला सगळे इंजिनराव म्हणत आणि तिला टेलरबाई. इंजिनराव कारखान्यात मशीनवर होते. लोखंडाचा पृष्ठभाग केसभर जरी वरखाली राहिला, तरी त्यांना घास गोड लागत नसे. टेलरबाईचं शिलाई मशीन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात होतं. माप द्यायला आलेल्या बाईला शेगडीकडे पाठ करून अंग चोरून उभं राहावं लागे. घराला रस्त्याकडे उघडणारी एक ऐसपैस खोली होती, रुंद दाराची, भरपूर उजेडाची. तिथे दुकान थाटायचं, एवढंच तिला हवं होतं. पण खोलीत गाडी होती.

ती काही साधीसुधी गाडी नव्हती. एकोणीसशे त्रेसष्टची कॉर्व्हेट स्टिंग रे, शर्यतीच्या घाटाची अमेरिकन गाडी. भंगारवाल्याकडून आणली तेव्हा तिला चाकं नव्हती आणि आत उंदरांनी संसार मांडला होता. दोघांची सगळी साठवण तिच्यात गेली. इंजिनराव तेव्हा म्हणाले होते, की वर्षभराचा तर प्रश्न आहे, हिला उभी करतो, विकतो, मग खोली तुझी. शेजारणी म्हणाल्या, सवत आणलीन बाई. सवत असती तर निदान चार भांडी तरी विसळली असतीन, असं टेलरबाई पुढे पुढे म्हणायला लागली.

वर्षाची किती वर्षं झाली याचा हिशोब तिने सोडून दिला. त्या काळात गाडीची सगळी कुंडली मात्र तिला नको असताना तोंडपाठ झाली. मागची काच दोन तुकड्यांची, मधे उभ्या पट्टीचा कणा. ती फक्त त्या एका वर्षीच. कण्यामुळे मागचं नीट दिसत नाही, म्हणून पुढच्या वर्षी कंपनीने एकसंध काच बसवली. मग त्रेसष्टच्या कित्येक मालकांना आपली गाडी जुनाट वाटू लागली आणि त्यांनी करवत घेऊन कणा कापून टाकला. पुढे त्याच कण्याला भाव आला, तेव्हा हेच लोक कपाळ बडवत बसले. ही गोष्ट सांगताना इंजिनरावांना हसू आवरत नसे. दिवे वापरात नसताना उलटे फिरून नाकात लपतात. डिकीला बाहेरून झाकणच नाही, सामान सीटच्या मागून कोंबायचं. अंग फायबरग्लासचं, त्याला गंज माहीत नाही. गंज चढतो तो आतल्या लोखंडी सांगाड्याला, कुणाला न दिसता. हे शेवटचं ऐकताना टेलरबाई नवऱ्याकडे बघून घेई. त्याला ते कधी समजलं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट होती नंबराची. इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य ओतीव ठोकळ्यावर, उजव्या हेडच्या पुढे, बोटभर सपाट जागा असते. तिथे ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळला, तर इंजिन जन्मापासूनचं. शौकिनांच्या लेखी मग गाडीचं सोनं होतं. इंजिनरावांनी पहिल्यांदा ती जागा घासली, तेव्हा त्यांनी तिला शिवणावरून उठवून आणलं होतं. नंबर जुळत होता. गळ्यातली टेप तशीच ठेवून तिने तो स्वतः वाचला आणि त्या दिवशी खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावायचे तेही ठरवून टाकलं.

गाडीच्या सीटा तिनेच शिवल्या. गिऱ्हाइकं परत पाठवली, सुया मोडल्या, बोटं सुजली, पण जाड रेक्झिनवर उभ्या पट्ट्या अशा पाडल्या की इंजिनरावांनाही नाव ठेवायला जागा उरली नाही. पुढे तिची नजर अधू झाली. शिवण ती पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीकडे देऊ लागली, स्वतः फक्त कापायची. तरी खोलीची आस सुटली नव्हती. कापायला का होईना, मोठं टेबल तर हवंच की.

अखेर एक गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस, हातात बॅटरी आणि छोटा आरसा. दोन काचांवरून त्याने हात फिरवला, कणा ठोकून पाहिला, सीटा बघून शिवणाऱ्याचं कौतुक केलं. टेलरबाई दारात उभी होती. तिला वाटलं, झालं आपलं काम. मग त्याने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ वाकून राहिला. ती बोटभर जागा आरशासारखी गुळगुळीत होती. तिथे नंबरच नव्हता.

इंजिनराव कुठलीही सारवासारव न करता बोलले. ब्लॉकची वरची बाजू वाकली होती, म्हणून कारखान्यात त्यांनी ती स्वतः मशीनवर तासून सपाट केली होती. नंबराची जागा त्याच पातळीत येते, तेव्हा तिच्या अलीकडे थांबायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पण काप इतका सुरेख येत होता, की थांबवावंसं वाटलं नाही," ते म्हणाले.

पाहुणा भला होता. तो म्हणाला, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण उद्या माझ्याकडून घेणारा कसा ठेवील? त्याने कमी भाव सांगितला. कमी म्हणजे शौकिनांच्या मानाने कमी. खोली मोकळी होऊन त्या पैशात दुकानही सजलं असतं. परक्या माणसापुढे टेलरबाई कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "अहो, देऊन टाका."

इंजिनरावांनी साफ नकार दिला. या भावात गाडी देणं म्हणजे तिचा अपमान, म्हणाले. पाहुण्याने दोनदा समजावून पाहिलं. तो वळला तसे इंजिनरावांचे खांदे सैल पडले आणि चेहरा शाळा सुटल्यासारखा उजळला. ते तिने पाहिलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नंबर कधी गेला?" तिने विचारलं.

"झाली बरीच वर्षं."

"सीटा शिवायच्या आधी?"

इंजिनरावांनी होकाराची मान हलवली. मग, सगळं बाहेर आलंच आहे म्हणून की काय, पुढे म्हणाले, "खरं सांगू? वाईट वाटलंच. पण हलकंही वाटलं. नंबर असता तर विकावी लागली असती."

टेलरबाई गाडीच्या कडेला टेकली. आजवर त्या गाडीला ती कधी टेकली नव्हती. डाग पडतो म्हणून तिला मनाई होती.

"तेव्हाच सांगायचंत," ती म्हणाली. "मी तुमच्या खोलीची वाट बघत बसले नसते. बाजारात एखादा गाळा बघितला असता. तेव्हा सुई ओवता येत होती मला."

लोखंडावरची केसभर खोट डोळे मिटून बोटाने ओळखणारे इंजिनराव तिच्याकडे वळले.

"का?" त्यांनी विचारलं. "आता येत नाही?"