चुकून वाजलेली घंटा

माझे दंड हा आमच्या घरात पहिल्यापासून विनोदाचा विषय. लग्नाच्या कोटात खांदे दिसावेत म्हणून शिंप्याने कापूस भरला होता, हे बायको अजून पाहुण्यांना सांगते. तरी वसईच्या आमच्या गावात देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवणारा म्हातारा तापाने पडला, तेव्हा मी, शाळामास्तर, ‘मी आहे ना’ म्हणत पुढे झालो. आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस. सांजघंटा म्हणजे सोपं काम, भराभर तीन-तीन टोले. पण घंटा पोर्तुगीजांच्या वेळची आणि दोर माझ्या मनगटाएवढा. एक टोला दिला की दुसऱ्यासाठी दम गोळा करावा लागे. टोले इतके लांब-लांब पडले की गावाने मरणाची घंटा ऐकली.

आमच्याकडे ती ऐकली की माणूस हातातलं काम टाकून उभा राहतो, गेलेल्यासाठी प्रार्थना पुटपुटतो आणि मग विचारतो, कोण गेलं? त्या संध्याकाळी कुणी विचारलं नाही. वाडीच्या टोकाच्या घरातला विशीतला मुलगा पुण्याच्या तुरुंगात फाशीची वाट बघत होता. विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून त्याने सख्ख्या चुलत्याला केळी कापायच्या कोयत्याने मारलं होतं. दयेचा अर्ज दिल्लीला गेला होता. उत्तर आलं नव्हतं.

मी घामाघूम होऊन बाहेर आलो, तर माणसं टोप्या हातात घेऊन गुपचूप त्या घराकडे चाललेली. मीही मागे लागलो. कोण गेलं म्हणून शेजाऱ्याला विचारलंसुद्धा.

“घंटा तुम्हीच वाजवलीत ना, मास्तर?”

तेव्हा कुठे मला कळलं, गाव माझेच टोले ऐकून निघालं होतं.

अंगणात कुणी रडत नव्हतं. रहाटाचा रेडा मधेच थांबवलेला. विहिरीपलीकडच्या दारात चुलत्याची विधवा उभी होती. पुढेही येत नव्हती, आतही जात नव्हती. मुलाची आई ओट्यावर बसली होती. तिचा चेहरा निवल्यासारखा दिसत होता, आणि तेच मला बघवेना.

“वाजवू दिली फादरांनी,” ती मला म्हणाली. “मला वाटलेलं, फासावर गेलेल्यासाठी नाही वाजवणार.”

कसंबसं सांगितलं, मावशी, ती सांजघंटाच होती, माझ्याच्याने ओढवली नाही. खबर काही आलेली नाही. पोरगा आहे.

माणसं पांगली. एरवी गावाला महिनाभर पुरेल एवढा माझा फजितवाडा झाला होता, पण कुणी हसलं नाही. त्याचंच मला भय वाटलं.

ती जागची हलली नाही. पोरगा आहे म्हटल्यावर चेहऱ्यावरचं निवलेपण गेलं आणि रोजची धास्ती परत आली.

“मग खरी वेळ आली,” तिने विचारलं, “तर वाजवाल?”

ते ठरवणार फादर. मला काडीचा अधिकार नव्हता. पलीकडून ती विधवाही ऐकत होती.

“वाजवीन,” मी म्हणालो.

घरी पोचलो तोवर बायकोला सगळं कळलेलं. पाट मांडला, भात वाढला, आणि मी हात आखडता घेतला तसा आणखी वाढला.

“फादरांशी काय ते बोला,” ती म्हणाली. “पण शब्द दिलाय ना? मग आजपासून पोटभर जेवा.”