दोन उलांड्यांची होडी

बाप्पावर मी रुसले आहे. लालबागमध्ये आयुष्य काढलेल्या बाईनं असं लिहू नये, पण खरं ते खरं. यंदा घरच्या गणपतीला मी मोदक केले नाहीत, पेढ्यांवर भागवलं. मुलीनं विचारलं, आई, बरं नाही का तुला? म्हटलं, बरी आहे मी, राग आलाय.

रागाचं कारण एक होडी. लग्न नवीन असताना ह्यांच्या एका मित्राच्या शिडाच्या होडीतून आम्ही गिरगाव चौपाटीसमोर फिरायला गेलो होतो. शिडात वारा भरला तशी होडी एका कुशीवर झाली आणि तशीच तिरकी पळायला लागली. मित्र म्हणाला, "वहिनी, ही अशीच जाते." मी जी किंचाळायला सुरुवात केली ती वाळूला पाय लागेपर्यंत. ह्यांच्या दंडावर माझ्या नखांचे वळ उठले होते. तिरक्या होणाऱ्या होडीत पुन्हा बसणार नाही, असं मी तिथंच जाहीर करून टाकलं आणि विषय संपला असं समजले.

ह्यांच्या डोक्यात तो संपला नव्हता. जन्म लालबागच्या चाळीतला, वडील गिरणीत, स्वतः गोदीत फिटर, पण जीव सगळा मालवणजवळच्या गावी, खाडीच्या तोंडाशी. मला होडीनं गावी न्यायचं, रस्त्यानं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. आमचे हे गोव्याला गेले आणि कुणाच्या तरी शेडमध्ये धूळ खात पडलेली एक ट्रायमरान जातीची होडी ट्रेलरवर घालून घेऊन आले.

चाळीच्या फाटकातून ती आत शिरली तेव्हा सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मध्ये एक मोठी होडी आणि तिच्या दोन अंगांना दोन सडपातळ होड्या, आडव्या हातांनी जोडलेल्या. ते हात दुमडले की बाजूच्या होड्या मधलीला येऊन बिलगतात आणि सगळं प्रकरण ट्रेलरवर मावतं. मी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, हे काय आणलंत?" त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. त्यांच्या गावच्या होड्यांना एका बाजूला लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, होडी उलटू नये म्हणून. त्याला उलांडी म्हणतात. "हिका दोन्ही बाजूंक उलांडी आसा," ते म्हणाले. "ही कलंडाची नाय गो. चाय करून कडेक ठेव. सांडली तर माका सांग."

म्हणजे ती होडी माझ्यासाठी होती. जगातली सगळी माणसं वेगासाठी ट्रायमरान घेतात म्हणे, ती वाऱ्यासारखी पळते म्हणून. आमच्या ह्यांनी ती बायको किंचाळू नये म्हणून घेतली.

मग चाळीच्या मैदानात त्यांचा संसार सुरू झाला. खरवडणं, घासणं, रंग, शिडाची शिवण. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणायचे आणि भात गार व्हायचा. मी तोंडानं कटकट करत होते, पण आतल्या छोट्या केबिनच्या गाद्यांना खोळी मीच शिवल्या, आणि एका पिशवीत दोघांचे जास्तीचे कपडे, चहापत्ती, साखर भरून ठेवली. शिवडीकडे होडी पाण्यात उतरवायला जागा त्यांनी हेरून ठेवली होती. किनारा नजरेआड होऊ द्यायचा नाही, बंदराबंदराला मुक्काम करत जायचं. होडी तयार झाली तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता, म्हणून थांबलो. नारळी पौर्णिमेला ह्यांनी समुद्राला नारळ दिला. गणपती झाले की, कोजागिरीच्या सुमाराला समुद्र निवतो, तेव्हा निघायचं ठरलं.

गणपतीच्या आगमनाच्या दिवशी सकाळी मंडळाच्या ट्रॉलीचं चाक गेलं. मूर्ती परळच्या कारखान्यात तयार, ढोलपथक दारात, आणि ट्रॉली नाही. कार्यकर्त्यांची नजर मैदानात फिरली आणि आमच्या ट्रेलरवर येऊन थांबली. लांब, बुटका, मजबूत दिसणारा. मंडळाचा अध्यक्ष ह्यांचा शाळूसोबती. तो म्हणाला, "नाही म्हणू नकोस रे, फक्त येईपर्यंत."

मी गॅलरीतूनच ओरडले, "अहो, तो होडीचा आहे, मूर्तीचा भार त्याला झेपणार नाही." सगळ्यांनी वर पाहिलं. हेही बघत होते. मग म्हणाले, "बाप्पाला नाही कसं म्हणू?" झालं. होडी जुन्या टायरांवर उतरवली आणि ट्रेलर वाजतगाजत परळला गेला. आमच्या भागात त्या दिवशी दुसऱ्या कुणीही वेगळं काही केलं नसतं, हे मलाही कळतं. म्हणून तर राग जास्त.

मूर्ती सुखरूप आली. ट्रेलरचा ॲक्सल वाकला. मंडळाची मुलं माना खाली घालून उभी राहिली, तर हेच त्यांची समजूत घालत होते. घोडपदेवच्या वर्कशॉपमध्ये ट्रेलर नेला. त्या मापाचा ॲक्सल मिळेना, मग तो बनवायला दिला. कोजागिरी गेली. दिवाळीत कारागीर गावी गेले. मी रोज पिशवीकडे बघायची आणि हे म्हणायचे, "अगं, समुद्र कुठं पळून चाललाय का?"

समुद्र नाही गेला. मार्गशीर्षात एका सकाळी दाढी करता करता हे छातीवर हात ठेवून खाली बसले, ते उठले नाहीत. ट्रेलर परत आला तेव्हा घरात त्यांचे दिवस चालू होते. मंडळाच्या मुलांनीच तो ढकलत आणला, नवा ॲक्सल घातलेला, रंगसुद्धा दिलेला. मी दार लावून घेतलं.

होडी वर्षभर मैदानातच होती. मग चाळ पाडायचं ठरलं, आम्हाला शीवला तात्पुरत्या जागा मिळाल्या. तिथं सायकल ठेवायचीसुद्धा मारामार. अलिबागकडचं एक तरुण जोडपं होडी घ्यायला आलं. तपासायला म्हणून त्यांनी मैदानात तिचे दोन्ही हात उघडले. मी इतके दिवस ती दुमडलेलीच पाहिली होती. उघडल्यावर तिनं अर्धं मैदान व्यापलं, आणि मला कळलं की हे मला केवढ्या ऐसपैस जागेत बसवणार होते. मला रडू आवरेना. जोडप्यातल्या मुलीनं मला पाणी दिलं. मी तिला चहाची गोष्ट सांगितली. का सांगितली, माहीत नाही. कुणाला तरी सांगायला हवी होती.

होडी फाटकातून निघाली तेव्हा ट्रेलरला मंडळाच्याच मुलांनी हात लावला होता. सवयीनं कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं, आणि गॅलऱ्यांतून "मोरया" आलं. पुढचं कुणी म्हणालं नाही. अध्यक्ष फाटकाला टेकून डोळे पुसत होता. त्याला मी घरात बोलावलं, पाणी दिलं.

नवीन जागेत सामान लावत होते तेव्हा होडी घेतलेल्या त्या मुलीनं फोनवर व्हिडिओ पाठवला. वरती पांढरं शीड फुगलेलं, मागे पाण्याची लांब रेघ, होडी सुसाट चाललेली. आणि होडीच्या कडेला स्टीलच्या पेल्यात चहा. मी पेल्याकडे बघत राहिले. चहा नुसता थरथरत होता. सांडला नाही.

"अहो," मी हाक मारली.